वाचकांचे प्रश्न : उन्हावर चालणारा घरचा चित्रफीत-संगणक

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका वाडीत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. गेल्या वीस वर्षांत आमच्या वाडीतील नमन-खेळे, शिमग्याची पालखी आणि भजने यांची बरीच चित्रीकरणे मी जमवली आहेत. जुनी डीव्हीडीवर आहेत, अलीकडची मोबाइलवर घेतलेली आहेत. संध्याकाळी शेजारची मंडळी पडवीत जमली की ती लावावीत असे वाटते. परंतु पावसाळ्यात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो आणि २०२० च्या जूनमधील निसर्ग चक्रीवादळानंतरचे ते अंधारातले दिवस तर आम्ही अजून विसरलेलो नाही. घरी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. तो सोलरवर चालवण्यासाठी दुकानदाराने ५०० वॅटची पॅनेले, इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी सुचवली आहे. एवढे सगळे खरोखर लागते का?

उत्तर : नाही, लागत नाही. दुकानदाराने आपला जुना डेस्कटॉप गृहीत धरून हिशेब केला आहे आणि त्या हिशेबापुरता तो चुकलेला नाही. पण तसा डेस्कटॉप काही काम न करता नुसता चालू ठेवला तरी पन्नास ते ऐंशी वॅट घेतो, त्यात पडद्याची वीज आणखी वेगळी. आधी यंत्र बदलावे आणि मग पॅनेलचा विचार करावा, हा क्रम उलटा झाला की खर्च अनेक पटींनी वाढतो.

आपल्या कामासाठी रास्पबेरी पाय ४ हा तळहातावर मावणारा संगणक मी सुचवीन. चित्रफीत दाखवताना तो साधारण पाच वॅट घेतो. त्यानंतर आलेला रास्पबेरी पाय ५ अधिक वेगवान आहे, तरीही या कामाला मी जुनाच घ्या म्हणेन, कारण बहुतेक मोबाइल आणि कॅमेरे ज्या एच.२६४ पद्धतीने चित्रीकरण साठवतात ती उलगडण्याची खास सोय पाय ४ च्या चिपमध्येच आहे, तर पाय ५ मध्ये ती काढून टाकल्यामुळे तेच काम मुख्य प्रोसेसरला करावे लागते. नव्या मोबाइलवरील एच.२६५ चित्रफिती दोन्ही यंत्रे सहज दाखवतात आणि डीव्हीडीवरील जुनी एमपेग-२ चित्रे तर पाय ४ चा प्रोसेसर स्वतःच उलगडू शकतो. अडचण येईल ती फक्त एच.२६४ मधील फोर-के चित्रीकरणांची. ती अडखळतील, म्हणून यापुढे मोबाइलमध्ये १०८० ची मर्यादा ठेवून चित्रण करावे. संगणकावर लिब्रेलेक ही मोफत प्रणाली घालावी. तिच्यात कोडी हा कार्यक्रम सुरुवातीलाच उघडतो आणि फायलींची यादी समोर येते, त्यामुळे घरातील इतरांनाही तो चालवायला शिकवावे लागत नाही. आपल्याकडे बरा चालणारा जुना लॅपटॉप असता, तर मी नवे काही घ्यायलाच सांगितले नसते.

आता आकडे मांडू. संगणकाचे पाच वॅट, चित्रफिती ठेवलेल्या एसएसडीचे दोन, छोट्या स्पीकरचे तीन आणि २२ इंची एलईडी मॉनिटरचे अठरा ते वीस, अशी बेरीज तीस वॅटच्या आसपास जाते. म्हणजे दोन तृतीयांश वीज एकटा पडदा खातो. म्हणून संगणकात एखादा वॅट वाचवण्यासाठी धडपडण्यापेक्षा पडदा विचारपूर्वक निवडावा, हे मला आपल्याला आवर्जून सांगायचे आहे. बत्तीस इंची टीव्ही घेतला तर पडद्याचा खर्च दुपटीवर जाऊ शकतो; उलट अंधाऱ्या पडवीत मॉनिटरची प्रखरता निम्मी केली तरी मागच्या रांगेतल्या माणसाला स्वच्छ दिसते आणि प्रत्येक संध्याकाळी वीज वाचते. रोज चार तास कार्यक्रम धरला तर तीस गुणिले चार म्हणजे १२० वॅट-तास होतात. वीजबिलावरचे एक युनिट १,००० वॅट-तासांचे असते. आपली सबंध संध्याकाळ त्याच्या आठव्या हिश्शात भागते.

एवढ्या थोड्या विजेसाठी इन्व्हर्टर मध्ये आणणे हेच मोठे नुकसान ठरते. घरगुती इन्व्हर्टर काहीही जोडलेले नसताना स्वतःसाठी पंधरा वॅट घेत असेल आणि तो दिवसरात्र चालू राहिला, तर २४ तासांत ३६० वॅट-तास त्यातच जातात, म्हणजे आपल्या कार्यक्रमाच्या तिप्पट. शिवाय बॅटरीतील बारा व्होल्टचे २३० करायचे आणि अडॅप्टरमध्ये पुन्हा त्याचे बारा किंवा पाच करायचे, या दोन्ही फेऱ्यांत थोडी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. त्याऐवजी सगळी जोडणी बारा व्होल्ट डीसीवरच ठेवावी. मॉनिटर घेताना त्याचा अडॅप्टर बाहेर आहे आणि त्यावर ‘१२ व्होल्ट’ लिहिले आहे हे दुकानातच पाहून घ्यावे. मात्र बॅटरीची तार थेट मॉनिटरला लावू नये, कारण बारा व्होल्टची म्हणून विकली जाणारी लिथियम बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टपर्यंत चढते आणि रिकामी होताना बाराच्या खाली उतरते. मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर बसवला की पलीकडे कायम बाराच मिळतात. संगणकासाठी बाराचे पाच व्होल्ट करणारा वेगळा कन्व्हर्टर लागेल.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट आणि ४० अँपिअर-तासांची घ्यावी. तिच्यात ५१२ वॅट-तास मावतात आणि त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे चारशेच्या वर, बिनधास्त वापरता येतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवत राहिले की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून तिथे तेवढ्याच वापरासाठी जवळपास दुप्पट क्षमता घ्यावी लागते. वर चार्जिंगच्या वेळी तिच्यातून निघणाऱ्या हायड्रोजनसाठी मोकळी हवा हवी आणि पाण्याची पातळी पाहत राहायला हवे.

पॅनेल १०० वॅटचे पुरे. कोकणात उन्हाळ्यात दिवसाला पाच तासांहून अधिक भरउन्हाइतकी ऊर्जा मिळते, पण आपला हिशेब पावसाळ्याचाच धरला पाहिजे. बऱ्यापैकी पावसाळी दिवशी दोन तास धरले आणि तारा, बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर, तापलेले पॅनेल यांची घट वजा केली, तर हाती १३० वॅट-तास येतात आणि संध्याकाळ भागते. झड लागलेल्या दिवशी एकच तास धरला तर ६५ मिळतात आणि रोज ५५ ची तूट पडते. तरीही भरलेल्या बॅटरीवर असे सलग सात दिवस निघतात. आठव्या दिवशी कार्यक्रम दोन तासांवर आणला की बॅटरी आणखी खाली जात नाही. हा चार्ज कंट्रोलर साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा, या आकाराला चालतो, फक्त त्यात लिथियम बॅटरीसाठीची निवड असली पाहिजे. महागड्या एमपीपीटी प्रकारच्या कंट्रोलरचे पैसे मी पॅनेल थोडे मोठे घेण्यात घातले असते.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल सतरा-अठरा अंशांचा ठेवावा, कारण दापोली साधारण तेवढ्याच अक्षांशावर आहे. कोकणातल्या घराला खरी अडचण माडांची असते. अशा पॅनेलमधील छत्तीस सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एका झावळीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी निम्मे पॅनेल बंद पडल्यासारखे होते. म्हणून जागा ठरवण्याआधी एका स्वच्छ दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कौलांवर सावली कुठे पडते ते स्वतः पाहावे. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही. आणि सांगाडा नुसता कौलांवर न ठेवता वाशांना किंवा भिंतीला पक्का बांधावा. वादळात पॅनेल नुसते फुटत नाही, ते उडून कुणाच्या अंगावरही जाऊ शकते. बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत, डीसी फ्यूज बसवल्याशिवाय मात्र काहीही सुरू करू नये, कारण लहान बॅटरीचीसुद्धा तार शॉर्ट झाली की ती क्षणात लाल होते.

प्रणाली मेमरी कार्डावर ठेवण्याऐवजी एसएसडीवरच ठेवावी. चालू असताना अचानक वीज तुटल्याने माझे एक कार्ड कायमचे बाद झाले आहे. कार्यक्रम संपल्यावर कोडीच्या यादीतून संगणक रीतसर बंद करावा आणि मगच बटण काढावे. आणि सोलरचे काहीही विकत घेण्यापूर्वी, वीज आहे तोवर, त्या जुन्या डेस्कटॉपवर सगळ्या डीव्हीडी उतरवून घ्याव्यात. नव्या संगणकाला डीव्हीडीचा खण नाही आणि दमट हवेत तबकड्यांवर बुरशी धरते. दोन प्रती करून एक दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे ठेवावी. पॅनेल पुन्हा आणता येते, वीस वर्षांपूर्वीचे नमन पुन्हा आणता येत नाही.

प्रश्न : नाशिकमध्ये आमच्या घरावर ३ किलोवॅटची सौरयंत्रणा आणि नेट मीटर आहे. भर दुपारी ऊन असताना वीज गेली की घरातला टीव्हीही बंद पडतो. मग या पॅनेलांचा उपयोग काय? त्यातले एक पॅनेल वेगळे काढून छोट्या संगणकाला जोडता येईल का?

उत्तर : आपली यंत्रणा बिघडलेली नाही. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर जाळ्यात वीज नसल्याचे कळताच स्वतःहून बंद होतो. तसे न झाल्यास आपल्या छतावरची वीज बंद समजल्या गेलेल्या तारेत शिरेल आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते तेही अशाच जाळ्याला जोडलेल्या यंत्रणेला. तिचा उपयोग बिल कमी करण्यासाठी आहे, लोडशेडिंगसाठी नाही.

छतावरील पॅनेलांना मात्र हात लावू नये. ती एकामागोमाग जोडलेली असल्याने त्या तारांमध्ये शेकडो व्होल्ट डीसी असतात. भर उन्हात कनेक्टर ओढला तर जी ठिणगी पडते ती एसीसारखी सहज विझत नाही आणि त्यातून भाजण्याचा व आगीचा धोका असतो. वर दापोलीच्या वाचकांसाठी मांडलेली १०० वॅटची स्वतंत्र जोडणी गॅलरीत करावी. नाशिकला पावसाळा कोकणाइतका कठीण नसल्याने बॅटरी २० अँपिअर-तासांची चालेल. त्याच बॅटरीवर बारा व्होल्टचा वाय-फाय राउटरही ठेवता येतो, पण तो दिवसभर चालणारा असल्याने त्याचे वॅट थोडे असले तरी २४ ने गुणून हिशेबात धरावेत.

प्रश्न : मी सावंतवाडीजवळ राहतो. रास्पबेरी पाय सोलर बॅटरीवर बसवला आहे. भजन सुरू असताना मध्येच पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्यासारखे चिन्ह येते आणि केव्हा केव्हा संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बॅटरी भरलेली असते. पाच व्होल्टचा कन्व्हर्टर पडवीत बॅटरीजवळ आहे आणि तिथून माजघरापर्यंत सहा मीटर वायर ओढली आहे.

उत्तर : दोष त्या सहा मीटरमध्ये आहे. ते चिन्ह म्हणजे संगणकाला मिळणारा दाब साधारण ४.६ व्होल्टच्या खाली गेल्याची सूचना आहे. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर सहा मीटर म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर होते आणि तिचा रोध सुमारे ०.२२ ओहम भरतो. चित्रफीत आणि एसएसडी मिळून दोन अँपिअर ओढले की त्यातच ०.४३ व्होल्ट गळतात आणि पाचाचे ४.५७ उरतात. नुसती यादी समोर असताना प्रवाह कमी असतो, म्हणून चिन्ह दिसत नाही. भजन लागले की दिसते. हीच वीज बारा व्होल्टवर आणली तर प्रवाह एका अँपिअरच्याही खाली राहतो आणि गळती ०.२ व्होल्टच्या आसपास होते. ती गळती कन्व्हर्टर सहज सोसतो.

म्हणून बारा व्होल्ट माजघरापर्यंत न्यावेत, कन्व्हर्टर संगणकाच्या अगदी शेजारी बसवावा आणि त्यापुढची तार हातभरापेक्षा लांब ठेवू नये. कन्व्हर्टरवर छोटा स्क्रू असेल तर संगणक जोडण्याआधी तो फिरवून मल्टिमीटरवर ५.१ व्होल्ट आणावेत. नंतर चित्रफीत चालू असताना संगणकावरच मोजून पाहावे: पिनांच्या दोन रांगांपैकी पाटीच्या कडेकडील रांगेतील पहिली पिन पाच व्होल्टची आणि तिसरी ऋणाची असते. मीटरची सुई शेजारच्या रांगेतल्या पहिल्या पिनेला मात्र एकाच वेळी टेकू देऊ नये, कारण ती ३.३ व्होल्टची आहे आणि या दोन पिना एकमेकींना लागल्या की पाटी जागीच जळते.