ज्या ट्रेनिंगमध्ये रात्रच नाही

‘मॅडम, पैसे एकदाच मिळालेत. ट्रेनिंग चुकलं तर सगळी टीम मलाच बोलेल.’

बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाची ही मुलगी मार्चमध्ये माझ्याकडे आली. नऊ जणांची टीम, आणि डोळ्यांसमोर आयजेम. अमेरिकेतल्या एमआयटीत २००४ साली पाच टीम्सनी सुरू झालेली ही सिंथेटिक बायोलॉजीची, म्हणजे सजीवांच्या जनुकांत हवे ते बदल घडवण्याच्या शास्त्राची, स्पर्धा आता पॅरिसला भरते. यांच्या प्रॅक्टिकलला मात्र दहा जणांत एक मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून घेण्याचं उपकरण. बाहेरचं कोणतं ट्रेनिंग निवडावं, असा प्रश्न घेऊन दरवर्षी कोणी ना कोणी येतंच.

तिने दोन माहितीपत्रकं पुढे ठेवली. पहिलं दोन दिवसांचं: पीसीआरपासून (डीएनएच्या प्रती काढणं) क्रिस्परपर्यंत (जनुकं कापून बदलणं) सगळं, नऊही जणांना प्रवेश आणि सर्टिफिकेट. दुसरं एका संशोधन प्रयोगशाळेतलं, पाच दिवसांचं: ट्रान्सफॉर्मेशन (जिवाणूत बाहेरचा डीएनए घालणं), मिनीप्रेप (तो परत शुद्ध करून काढणं), जेल (तो तपासणं), बस. तेवढ्याच पैशात तिथे चौघंच बसत होते. कोणी दुखावू नये म्हणून तिचा कल पहिल्याकडे होता.

मी म्हटलं, ‘ट्रान्सफॉर्मेशन कसं करतात ते मला सांग.’ ती भराभर सांगू लागली. ई. कोलाय या जिवाणूच्या पेशी बर्फावर वितळवायच्या, डीएनए घालायचा, ४२ अंशांवर ४५ सेकंद, परत बर्फ, मग पोषक द्रावणात ३७ अंशांना तासभर, आणि अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरायचं.

‘मग?’

‘मग रात्रभर इन्क्युबेटर. कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके, सकाळी दिसतात.’

वेळापत्रकात ट्रान्सफॉर्मेशन दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होतं आणि पाचला समारोप. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. ‘म्हणजे तयार प्लेट दाखवणार,’ ती हळूच म्हणाली.

मला विज्ञान तिच्याइतकं कळत नाही. पण स्वतःच्या हाताने केलेलं फसलंय की जमलंय हे कळण्याआधीच घरी पाठवणारं शिक्षण मला पटत नाही. दोन्हीकडे फोन करून तीन गोष्टी विचारायला मी तिला सांगितलं: पिपेट प्रत्येकाच्या हातात किती वेळ, प्रयोग फसला तर पुन्हा करू देता का, आणि वापरलेल्या प्लेट्स ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) कोण करतं? पहिल्या ठिकाणी उत्तरादाखल फीची सवलत सांगितली गेली.

उरली दुखावण्याची भीती. खरी काळजी तीच होती. तिने टीमसमोर सगळं उघड मांडलं. कॉम्प्युटरवर मॉडेलिंग करणाऱ्या तिघांनी आपणहून नाव मागे घेतलं. त्यांना पिपेट धरायचीच नव्हती. राहिलेल्या दोघांना मात्र वाईट वाटलं, आणि ते तिने ऐकून घेतलं.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, आवाज रडवेला. प्लेट कोरी. पेशींची नळी तिने घाईत मुठीत धरून वितळवली होती. तिथल्या ताईंनी न रागावता दुसरी नळी दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला: प्लेटमधल्या पिवळसर आगरवर चौदा पांढुरके ठिपके, प्रत्येकाभोवती मार्करने गोल.

जूनमध्ये त्या दोघांना कॉलेजच्या लॅबमध्ये तीच शिकवत होती. मी डोकावले तेव्हा एकाचा हात फ्रीझरच्या दाराला लागला होता.

‘थांब रे,’ ती म्हणाली, ‘आधी बर्फ आण.’