ऑस्ट्रियाची भाषा जर्मन, मग २०१६ च्या युरोव्हिजनला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या वार्षिक गाण्यांच्या स्पर्धेला, त्यांनी अख्खं फ्रेंच गाणं कसं काय पाठवलं? आणि फ्रेंच न कळणाऱ्यांनी त्याला मतं तरी का दिली?

नियमात बसतं का, ते आधी उरकतो. बसतं. देशाने स्वतःच्याच भाषेत गायलं पाहिजे हे बंधन आधी १९६६ ते १९७२ आणि मग १९७७ ते १९९८ होतं. १९९९ पासून ते उठलं आणि बरेच देश पटापट इंग्रजीकडे वळले. मोकळीक मिळाल्यावर आपलीही नाही आणि इंग्रजीही नाही, अशी तिसरीच भाषा घेणारे फार थोडे.

गाण्याचं नाव ‘ल्वँ दिसी’, म्हणजे ‘इथून दूर’. गायिका झोई श्ट्राउब. ती व्हिएन्नातल्या फ्रेंच शाळेत शिकली, म्हणून फ्रेंच तिला हातची. वडील ख्रिस्तोफ श्ट्राउब संगीतकार. गाणं बापलेकीने मिळून लिहिलं. त्यामुळे भाषा काही डावपेच म्हणून निवडली असं मला वाटत नाही. २०१५ च्या ऑस्ट्रियातल्या निवड फेरीतही ती फ्रेंच गाणं घेऊनच उतरली होती, पण तेव्हा दुसराच बँड निवडला गेला. त्या वर्षी स्पर्धा व्हिएन्नातच होती आणि यजमानांच्या पदरात पडलं शून्य. घरच्या मांडवात शून्य! एवढी नाचक्की झाल्यावर कुणीही सावध होऊन इंग्रजी गाणं निवडलं असतं. त्यांनी झोईला निवडलं.

खरी गंमत पुढे आहे. २०१६ ला स्टॉकहोमच्या अंतिम फेरीत २६ गाणी होती आणि त्यांत इंग्रजीचा एकही शब्द नसलेलं गाणं हे एकटंच. खुद्द फ्रान्सच्या आमिर या गायकाच्या गाण्याचं ध्रुपद इंग्रजीत होतं! त्यावरून तिकडच्या फ्रँकोफोनी (म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या जगाचं) खात्याच्या राज्यमंत्र्यांनी जाहीर नाराजीही व्यक्त केली होती. म्हणजे फ्रेंचची लाज राखली ती ऑस्ट्रियाने.

आता मतांचं. अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं, पुण्यात बरेच जण घेतात त्याच उदात्त कारणासाठी: मार्क पडतात. आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झालेली ती फेरी जागून पाहिली, तेव्हा निम्मेअधिक शब्द कळत होते आणि त्याने काडीचाही फरक पडत नव्हता. वरातीत पंजाबी गाणं लागल्यावर पहिल्या रांगेत नाचणाऱ्या काकांना अर्थ विचारून बघा.

फ्रेंचमध्ये शब्दाशब्दावर आघात नसतो, तो वाक्यखंडाच्या शेवटी येतो. अक्षरं जवळपास सारख्या लांबीची. शेवटची व्यंजनं बरेचदा उच्चारतच नाहीत, त्यामुळे एक शब्द दुसऱ्यात अलगद मिसळतो. नाचाच्या ठोक्याला हे फार सोयीचं. इंग्रजीत ठोका चुकीच्या अक्षरावर पडला की लगेच कानाला खटकतं. इथे कुठल्याही अक्षरावर ठोका मारा, चालून जातं. शिवाय बोलताना गिळून टाकलेला शेवटचा ‘अ’सारखा स्वर गाताना परत उच्चारता येतो, म्हणजे गीतकाराला हवी तेव्हा एक जादा मात्रा फुकट. आणि ‘ल्वँ-दि-सी’ म्हणून बघा: तीनच अक्षरं, शेवटी हवा तेवढा ताणता येणारा ‘ई’. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं की जगातला कुणीही सोबत गाऊ शकतो.

२०१६ पासून परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे द्यायला लागले, म्हणून हा प्रकार आकड्यांत स्वच्छ दिसतो. प्रेक्षकांनी १२० गुण दिले, परीक्षकांनी ३१. एकूण १५१, क्रमांक तेरावा. (आमिर सहावा आला, २५७ गुणांनी. तेव्हा मंत्रिमहोदयांचं म्हणणं कितपत बरोबर ते तुम्हीच ठरवा.)

परीक्षकांवर बरेच चाहते अजून चिडलेले असतात. मी नाही. चाल गोड आहे पण एकसुरी. तीन मिनिटांत ती फारशी कुठे जातच नाही, आणि आवाजाचा कस लागेल अशी जागा मला तरी सापडली नाही. परीक्षक मंडळात संगीत क्षेत्रातली माणसं असतात, ती नेमकी हेच बघतात. फ्रेंचचं त्यांना वावडं होतं म्हणावं तर २०२१ ला फ्रान्सची बार्बरा प्राव्ही फ्रेंचमध्येच गाऊन दुसरी आली. पण ते होतं जुन्या पॅरिसच्या वळणाचं, शब्द तोलून म्हणायचं गाणं. नाचाचा ठेका आला की गणित बदलतं. २०२३ ला फ्रान्सने ला झारा या कॅनडातल्या गायिकेला डिस्कोच्या अंगाचं फ्रेंच गाणं देऊन लिव्हरपूलला पाठवलं. बांधणीत ते झोईच्या गाण्यापेक्षा कितीतरी भक्कम, तरी १०४ गुण आणि सोळावा क्रमांक. प्राव्हीच्या जवळपासही नाही.

झोईच्या गाण्याचा अर्थ मी पुढे एकदा शब्दकोश घेऊन नीट लावला. दूरच्या देशी नंदनवन शोधत निघायचं, वाटेत नाचत-गात जायचं, एवढंच. न लावता चाललं असतं.