साखरपुड्याचे फोटो काढून टाकायचे आहेत, पण आधी कुठले?

"डिलीट केले तरी फोटो कुठेतरी राहतातच म्हणे. मग काढून उपयोग काय? आणि नाही काढले तर?" बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या 26 वर्षांच्या एका मुलीने पहिल्याच भेटीत हे दोन्ही प्रश्न एका दमात विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नातं तुटल्यावर आमच्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच जोडी असते: सगळं पुसून टाकायची घाई, आणि पुसूनही काही पुसलं जाणार नाही ही धास्ती.

तिचा साखरपुडा मोडून सात आठवडे झाले होते. आई रोज म्हणत होती, "अगं, उद्या दुसरं स्थळ आलं तर मुलाकडचे आधी तेच बघतील. काढून टाक सगळं." एका रात्री एक वाजता ती फोन घेऊन बसली आणि दोन तासांत इन्स्टाग्रामवरच्या सव्वादोनशे पोस्ट्स तिने उडवल्या. एकेक बघवेना, म्हणून तारखांचा पट्टा धरून सरसकट निवडल्या. त्याच पट्ट्यात आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो होते. मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेलेले, आजोबाही आता नाहीत. ती आमच्याकडे आली ती साखरपुड्यासाठी कमी आणि आजोबांसाठी जास्त रडत.

म्हणून पहिल्या भेटीत आधी फोन हातात घ्यायला लावला. इन्स्टाग्रामवरून काढलेली पोस्ट लगेच नष्ट होत नाही. ती 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये 30 दिवस राहते. प्रोफाइल, वरच्या तीन रेघा, 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी', तिथे 'रिसेंटली डिलीटेड'. तो एकोणिसावा दिवस होता. आजोबांचे सगळे फोटो सापडले, परत आले. फेसबुकवरही ट्रॅशमध्ये टाकलेली पोस्ट 30 दिवस परत आणता येते. पण तिथे अख्खा अल्बमच पुसला तर त्यातले फोटो परत मिळतील असं धरून चालू नये. अर्काइव्हमध्ये न ठेवलेल्या स्टोरीच्या बाबतीत तर इन्स्टाग्रामवर 24 तासांचीच मुदत असते.

या 30 दिवसांमुळे दुसरी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. "कुठेतरी राहतात" ही तिची भीती धूसर होती, तिला आता कड मिळाली. काही दिवस ते तिच्याच खात्यात, फक्त तिला दिसतील असे पडून असतात. त्यानंतर कंपनीच्या साठ्यातून पुसायला आणखी वेळ लागतो. फेसबुक खातं कायमचं बंद केल्यावर सगळा मजकूर पुसला जायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. पण इतरांच्या नजरेतून फोटो काढल्याक्षणीच जातो. भीती खरं तर दुसऱ्या ठिकाणची असते: ज्यांनी तो आधीच उतरवून घेतला, ज्यांनी स्वतः टाकला.

मग कागदावर तीन रकाने केले. मी टाकलेले. दुसऱ्यांनी टाकलेले. दुसऱ्यांच्या फोनमध्ये असलेले. प्रत्येक फोटोपुढे एकच प्रश्न: हा कोणापासून लपवायचा आहे? ती बराच वेळ थांबली. काहींपुढे तिने "नव्या स्थळापासून" लिहिलं, काहींपुढे "त्याच्या मित्रांपासून", आणि निम्म्याहून जास्त फोटोंपुढे "माझ्यापासून". हे शेवटचं उत्तर फार महत्त्वाचं. स्वतःला दिसू नये एवढ्यासाठी फोटो पुसणं हा उपाय जरुरीपेक्षा मोठा आहे, आणि तो रात्री एक वाजता तर मुळीच करू नये.

असे फोटो आधी अर्काइव्ह करायचे. 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी'तून 'पोस्ट्स', वर 'सिलेक्ट', हवे ते निवडून 'अर्काइव्ह'. लाइक्स आणि कमेंट्ससकट पोस्ट बाजूला जाते, दुसऱ्या कोणाला दिसत नाही, कधीही परत आणता येते. स्टोरीचे 'हायलाइट्स', म्हणजे प्रोफाइलवर गोलांत कायम ठेवलेल्या जुन्या स्टोरी, मात्र वेगळे असतात. पोस्ट्स साफ केल्यावरही प्रोफाइलवर ते गोल तसेच राहतात आणि नेमकं तिथेच साखरपुड्याचं नाव-तारीख लिहिलेलं असतं. तिचंही तसंच होतं. एका पोस्टमध्ये बरेच फोटो असतील आणि त्यातला एकच नको असेल तर सगळी पोस्ट काढू नये: 'एडिट'मध्ये जाऊन त्या फोटोच्या कोपऱ्यातली कचरापेटीची खूण दाबायची.

पुसण्याआधी एक प्रत घरी आणणं हा आमचा आग्रह असतो. सेटिंगमधल्या 'अकाउंट्स सेंटर'मध्ये आपली माहिती उतरवून घेण्याची सोय आहे. फोटोंचा दर्जा 'हाय' निवडावा, नाहीतर आजोबांचे फोटो धूसर येतात. स्वरूप 'एचटीएमएल' ठेवावं, म्हणजे साध्या ब्राउझरमध्ये उघडतं. फाइल तयार झाल्याचा निरोप लगेच येतोच असं नाही, आणि आल्यावर ती चारच दिवस उपलब्ध असते. लोक विनंती टाकून विसरतात, पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तिने पेनड्राइव्हवर घेतली आणि तो मावशीकडे ठेवायला दिला. ही कल्पना तिचीच. घरात नाही, पण गेलेलंही नाही.

फेसबुकवर तिचं खातं शाळेपासूनचं. तिथे 'लिमिट पास्ट पोस्ट्स' या एका बटणाने जुन्या सार्वजनिक पोस्ट्स फक्त मित्रांपुरत्या झाल्या. जुने प्रोफाइल फोटो एकेक करून 'ओन्ली मी' करावे लागले. सध्याचा प्रोफाइल फोटो आणि कव्हर फोटो सगळ्यांना दिसतोच, म्हणून कव्हरवर सुरसागर तलावाचा साधा फोटो लावला. भारतात मे 2020 पासून प्रोफाइल लॉक करता येतं. लॉक असताना मित्रयादीत नसलेल्यांना हे दोन फोटो मोठे करून बघता किंवा उतरवता येत नाहीत. 'मेमरीज'च्या सेटिंगमध्ये ठरावीक माणूस आणि ठरावीक तारखा लपवता येतात. साखरपुड्याची तारीख तिथे आधीच घालून ठेवली. वर्षाने सकाळी सकाळी तो फोटो समोर येणं फार जिव्हारी लागतं.

दुसरा रकाना अवघड. साखरपुड्याची मुख्य पोस्ट दोघांच्या नावाची होती, पण टाकली होती त्याने. अशा सामाईक पोस्टमधून आपल्याला फक्त स्वतःचं नाव काढून घेता येतं. पोस्ट त्याच्या खात्यावर राहते. टॅगचंही तेच: टॅग काढला की आपल्या प्रोफाइलवरून दुवा जातो, फोटो जात नाही. पुढे तो विनंतीचा भाग आहे, आणि विनंतीची भाषा कामाचं निम्मं करते. त्याच्या वहिनीने पूर्ण अल्बम टाकला होता. पहिला मसुदा दोन पानांचा आणि आरोपांनी भरलेला होता. तो फाडला नाही, तिच्या वहीतच ठेवला, कारण त्यातला राग खरा होता. पाठवलेला निरोप असा: "वहिनी, नमस्कार. साखरपुड्याच्या अल्बममध्ये माझे 14 फोटो आहेत. ते येत्या रविवारपर्यंत काढाल का? लिंक्स खाली दिल्या आहेत." नेमका आकडा, नेमका दिवस, लिंक. कारण नाही, उलटतपासणीला जागा नाही. वहिनींनी 11 काढले.

नवरात्रातले गरब्याचे फोटो हे बडोद्याचं खास दुखणं. मैदानावर फोटो काढणारे ते आपापल्या पानांवर टाकतात, ओळखीचे लोक टॅग करतात. दोघांचे एकत्र चार फोटो अशाच एका पानावर होते. पानाला लिंकसकट निरोप पाठवला, दोन दिवसांत निघाले. न निघते तर फोटोच्या मेनूतून खासगीपणाच्या कारणाखाली तक्रार करता आली असती. पुढच्यासाठी 'टॅग्ज अँड मेन्शन्स'मध्ये टॅगला आधी आपली मंजुरी लागेल अशी सोय केली. पान बदलल्यावरही गुगलवर जुनं चित्र काही दिवस दिसत राहतं. त्यासाठी गुगलचं जुना मजकूर ताजा करण्याचं वेगळं साधन आहे, तिथे लिंक द्यावी लागते.

तिसऱ्या रकान्यावर, म्हणजे नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, फार वेळ घालवला नाही. सगळ्यांसाठी पुसण्याची मुदत साधारण 60 तासांची असते, ती कधीच उलटली होती. हा रकाना तिने स्वतः आडवी रेघ मारून बंद केला, आणि त्या भेटीत ती पहिल्यांदा शांत बसली.

एक प्रश्न आम्ही पहिल्या भेटीतच विचारतो: कोणी धमकी देतंय का? तिच्या बाबतीत नाही. तसं असेल तर वरचा सगळा क्रम उलटा होतो. आधी काही पुसायचं नाही, समोरच्याला ब्लॉकही करायचं नाही; खात्याचं नाव, लिंक, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. गुजरातमध्ये 181 अभयम ही महिलांची हेल्पलाइन आहे. फोटो नग्न किंवा अर्धनग्न असतील, अगदी जोडकाम करून बनवलेले असले तरी, कंपनीकडेही थेट तक्रार करावी. 2021 च्या आयटी नियमांनी अशा तक्रारीसाठी कंपन्यांना 24 तासांची मुदत घालून दिली होती; 2026 मध्ये ती आणखी कमी झाली. 18 वर्षांवरील व्यक्तींसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा फोटो फोनबाहेर न जाता त्याचा अंकी ठसा बनवते, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात. अशा वेळी घरचे "आधी सगळं काढून टाक" म्हणतात, त्यांचा हेतू चांगला असतो, पण पुरावा जातो.

तिची तपासणी मात्र थांबत नव्हती. दिवसातून तीस-चाळीस वेळा ती वहिनींचं पान उघडायची, उरलेले तीन फोटो आहेत का ते बघायला. बंदी घालून हे थांबत नाही. वेळ ठरवली: संध्याकाळी सात ते सव्वासात, आणि बघितल्यावर वहीत एक ओळ. दिवसा इच्छा झाली की "सातला" एवढंच लिहायचं. पहिल्या आठवड्यात ती चार वेळा चुकली, तिसऱ्यात एकदा.

शेवटच्या भेटीला तिने आईलाही आणलं. नव्या स्थळाने विचारलं तर काय सांगायचं, हा आईचा प्रश्न होता. इथला मराठी समाज आटोपशीर, घरं एकमेकांना माहीत. झालेला साखरपुडा लपणार नाही आणि लपवायचं काही कारणही नाही. दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं: "मागच्या वर्षी साखरपुडा झाला होता, जमलं नाही, दोन्ही घरांनी मिळून थांबवलं." आईने ते दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा "जमलं नाही"वर आवाज अडखळला, आणि मुलीने तिचा हात धरला.

साखरपुड्यातला आजीबरोबरचा एक फोटो तिने परत प्रोफाइलवर घेतला आहे.