शेतीविषयक प्रश्नोत्तरे : साबुकंदाला खत किती?

प्रश्न : मोहोळ तालुक्यातील आमच्या जमिनीत साबुकंदाचे, म्हणजे टॅपिओकाचे, पीक प्रयोगादाखल घ्यावयाचे आहे. हलक्या जमिनीतही येणाऱ्या या पिकाला खताची गरज असते का?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : हे पीक निकृष्ट जमिनीतही तग धरते हे खरे, परंतु तग धरणे आणि भरघोस कंद देणे यांत फार अंतर आहे. केरळमध्ये हेक्टरी साडेबारा टन शेणखतासह १०० किलो नत्र (नायट्रोजन), ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) व १०० किलो पालाश (पोटॅश) अशी सर्वसाधारण शिफारस आहे. पानांत तयार झालेले अन्न कंदाकडे जाऊन त्याचा स्टार्च होण्यास पालाश आवश्यक असते. कंदांबरोबर ते शेतातून मोठ्या प्रमाणावर निघूनही जाते. याउलट नत्र जास्त झाले, तर पाला माजतो, कंद पोसत नाहीत आणि त्यांचा कडूपणाही वाढू शकतो. म्हणून स्फुरद लागवडीच्या वेळी द्यावे. नत्र व पालाश मात्र निम्मे तेव्हा आणि निम्मे दीड-दोन महिन्यांनी भर लावताना, म्हणजे बुंध्याशी माती चढवताना, द्यावे.

सोलापूरच्या काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसे असते, त्यामुळे केरळची मात्रा जशीच्या तशी न उचलता आधी माती परीक्षण करावे. खरी अडचण चुनखडीची आहे : तिच्यामुळे विम्लधर्मी (अल्कधर्मी) झालेल्या जमिनीत जस्त पिकाला मिळत नाही आणि साबुकंद त्या बाबतीत विशेष नाजूक आहे. म्हणून लागवडीपूर्वी कांड्या (लावायचे खोडाचे तुकडे) दोन ते चार टक्के झिंक (जस्त) सल्फेटच्या द्रावणात १५ मिनिटे बुडवाव्यात. पाणी साचणारे रान मात्र टाळावे. तेथे कंद कुजतात.