चार कोटी अंकांची संख्या ‘मूळ’ कशी?

गुहागरच्या एका शिक्षिकेने विचारलंय: 2024 मध्ये सापडलेल्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येबद्दल वर्गात सांगितलं, तर एक मुलगा म्हणाला, “बाई, मूळ खाली असतं, बारीक असतं. एवढी अवाढव्य संख्या मूळ कशी?” त्यापेक्षा हिंदीतला ‘अभाज्य’ बरा नाही का?

पोराने शब्द नीट पकडलाय, फक्त झाडाच्या बाजूने. त्याला घरातली वंशावळ काढायला सांगा. आपल्या कोकणात घराणं तिथे मूळपुरुष. तो ठेंगणा होता की धिप्पाड, कोण विचारतो? वंशावळीत त्याच्या वर नाव नाही, एवढ्यावर तो मूळ. संख्यांतही तेच: 1 आणि स्वतः सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ. 60 ची वंशावळ 2×2×3×5. फोड कुठूनही सुरू करा, शेवटी हीच नावं येतात. पाच डझनांच्या पेटीत बारा-बाराचे पाच थर बसतात, पण एकसष्टावा आंबा आला की सारखे थर संपले. 61 च्या वर कुणी नाही.

तसंच या नव्या संख्येचं. दोनाचा 136279841 वा घात, वजा 1. अंक 4 कोटी 10 लाख 24 हजार 320. पानाला तीन हजार छापले तरी साडेतेरा हजारांवर पानं. शेवटचा अंक मात्र मुलं तोंडी काढतील. दोनाच्या घातांचे शेवट 2, 4, 8, 6 असे फिरत राहतात. 136279841 ला 4 ने भागून बाकी 1, म्हणजे शेवटी 2. त्यातून एक गेला, उरला 1. पण या साच्यातली प्रत्येक संख्या मूळ निघते असं समजू नका. घातांक 11 घ्या: 2047, म्हणजे 23×89. घातांक स्वतः मूळ असूनही फसला!

‘अभाज्य’ला माझा विरोध आहे, कारण मराठीत भाज्य म्हणजे जिला भागायचं ती संख्या. 61 भागिले 4 मांडलं की 61 हीच भाज्य. मग तिलाच अभाज्य म्हणायचं? भास्कराचार्यांनी लीलावतीत, कुट्टकाच्या (समीकरणांची पूर्णांकी उत्तरं काढण्याच्या) रीतीत, सामाईक विभाजकाने भागून घेतलेल्या भाज्य-हाराच्या (हार म्हणजे भाजक) जोडीला ‘दृढ’ म्हटलंय. देखणा शब्द, पण तो जोडीचा; आजच्या ‘सहमूळ’च्या, म्हणजे 1 शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या जोडीच्या, जवळचा.

‘मूळ’ची खरी अडचण वेगळीच, ती म्हणजे वर्गमूळ. 49 चं वर्गमूळ 7, आणि 7 मूळ संख्याही. मग मुलांना दोन्ही एकच वाटतं. तिथे 36 द्यावं. वर्गमूळ 6, आणि 6 मूळ नाही.

जाता जाता, फळ्यावर ‘मुळ संख्या’ लिहू नका. मूळ दीर्घ, मुळात, मुळाशी, वर्गमुळाचा ऱ्हस्व.