‘च’ काढून बघ

‘मॅडम, तिचं धावणं आता पुरे ना?’ तिसऱ्या वर्षाला असलेल्या खेळाडूंचे पालक दर मार्च-एप्रिलमध्ये मला, म्हणजे त्यांच्या समुपदेशकाला, हे विचारतात. मुलांचा प्रश्न वेगळा असतो, तो उशिरा बाहेर येतो.

वैष्णवी (नाव बदललंय) ८०० मीटर धावायची. विद्यापीठात सलग दोन वर्षं सुवर्ण, पण अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत दोन्हीदा हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, बाहेर. वर्षभर टाइमिंग २:१४ च्या खाली येईना. झोप उडालेली.

‘नॅशनलला मेडल आलंच पाहिजे. नाहीतर मी कुणीच नाही.’

हे वाक्य तिने तीन भेटींत निदान दहादा म्हटलं असेल. चौथ्या भेटीत मी म्हटलं, ‘त्यातला ‘च’ काढून म्हण.’

‘मेडल आलं... पाहिजे.’ ती थांबली. ‘असं म्हटलं की कमी वाटतं.’

‘इच्छा कमी झाली?’

बराच वेळ ती बुटाची लेस ओढत बसली. ‘नाही. भीती कमी झाली.’

एवढ्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच. मी काही समजावलं नव्हतं, फक्त एक अक्षर काढायला लावलं होतं. माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढा हा ‘च’ छळतो, असं माझं ठाम मत आहे.

मग व्यवहाराचं बोललो. ललिता बाबर आधी मॅरेथॉन धावायची. स्टीपलचेसकडे (अडथळ्यांच्या शर्यतीकडे) वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. म्हणजे एकविसाव्या वर्षी हिशेब मिटवायची घाई नको. दुसरीकडे, महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं ते नियमात बघावं लागतं आणि क्रीडा खात्याकडून त्याची पडताळणी वेळेत करून घ्यावी लागते. प्रमाणपत्रं ट्रंकेत ठेवून जाहिरातीची वाट बघणारी मुलं मी खूप पाहिलीत. नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास आणि सराव दोन्ही चालतात. मात्र दोन्हीची वेळ ठरवताना प्रशिक्षक आणि घरचे एकत्र बसले पाहिजेत. हे बहुतेक घरांत होत नाही.

वैष्णवीने एक वर्ष मागून घेतलं. सकाळी ट्रॅक, दुपारी अभ्यासिका.

परवा तिच्या बाबांचा फोन आला. ‘मॅडम, सगळं ठीक आहे, पण परीक्षा पहिल्या फटक्यात निघालीच पाहिजे.’

म्हटलं, ‘बाबा, आता तुम्ही या एकदा.’