मणी ओवायला बसण्याआधी

अगं, हात तुझा चांगला आहे, ते काल बघितलं. पण आधी मुंबईत भुलेश्वरच्या बाजारात जा नि मणी स्वतः निवडायला शीक. नंबर जितका मोठा, तितका मणी बारीक. आपल्या कामाला ११ नंबर बरा, साधारण २ मिलिमीटरचा. घेताना चार मणी ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघ. रंग उतरला तर दुकानदार कितीही गोड बोलो, उठायचं. माझ्या पहिल्या वीस माळांचा लाल रंग घामाने गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर उतरला होता. पैसे परत दिले, वर बोलणीही खाल्ली.

आता भावाचं. ठाकर आदिवासी बायका गळाभर घालतात तशी माळ ओवायला ६ तास गेले, मण्यांचे १०० रुपये झाले आणि २०० ला विकलीस, तर तुझ्या तासाला सोळा-सतरा रुपये सुटले. एवढ्यात रिक्षाचं मीटरही पडत नाही! म्हणून घड्याळ बघून ओव, वेळ वहीत लिही. आणि नमुना ठाकरांचा असेल तर तसं सांगूनच वीक, स्वतःची डिझाइन म्हणून खपवू नकोस.

वांद्र्याला महालक्ष्मी सरस, म्हणजे बचत गटांचं विक्री प्रदर्शन, भरलं की एक चक्कर मार. गावोगावच्या बचत गटांच्या बायका भाव कसा सांगतात, कुठे अडून राहतात, ते नुसतं उभं राहून ऐक. हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ कार्ड, म्हणजे कारागिराचं ओळखपत्र, तेही काढून ठेव.

आणि रात्री ट्यूबलाइटखाली काळे मणी ओवू नकोस. त्यात माझे डोळे फार शिणायचे.